बांधाची आतली बाजू

एप्रिलची नऊ तारीख. संध्याकाळचे सात वाजून गेलेत आणि तुम्ही बेलापुरात होल्डिंग पाँडच्या बांधावर चालायला आला आहात. उकडतंय. खाडीवरून चिखलाचा तो ओळखीचा वास येतोय. लांबवर पाम बीच रोडवरच्या गाड्यांचे दिवे लागलेत. सिडकोनं खाजणावर भराव घालून हे शहर उभं केलं, तेव्हा भरतीचं पाणी वस्तीत शिरू नये म्हणून हॉलंडची युक्ती उचलली. पावसाचं पाणी साठायला तळी खोदली आणि खाडीच्या तोंडाला झडपा बसवल्या. भरतीच्या दाबानं झडप आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. त्याआधी हेच काम इथली आगरी गावं हातानं करायची. खारबंदिस्तीचे बांध घालायचे आणि बांधाला उघाडी ठेवायची.

चालता चालता एक गोष्ट ध्यानात घ्या, पुढे लागणार आहे. बांधाला दोन अंगं असतात. एक तुमच्याकडचं, एक पाण्याकडचं. बाहेरून चढणाऱ्याला पाण्याकडचा उतार दिसत नाही. तिथं कोणी दबा धरून बसलं असेल, तर ते माथ्यावर पोचल्यावरच कळतं.

पाय घसरतो. तुम्ही गवत धरायला जाता, हातात कोरडी, तापलेली माती येते.

पहिला थांबा चुकीचा आहे. ही तैग्रिस नदी, हे इराकमधलं कुत, आणि तारीख 29 एप्रिल 1916. समोर हाडं वर आलेली माणसं रांगेत बसली आहेत. त्यांत 103 व्या, 110 व्या आणि 117 व्या मराठा पलटणींचे शिपाई आहेत. कोकणातले, साताऱ्याकडचे, नगरकडचे. 7 डिसेंबरपासून वेढा पडला होता, 147 दिवस झाले. घोड्याचं मांस खायला बरेच महिने हिंदी शिपाई तयार नव्हते, शेवटी खावं लागलं. आतला ब्रिटिश सेनापती टाउनशेंड, पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनचा. बाहेर तुर्की फौज, पण तिचा वरिष्ठ सेनापती जर्मन: फील्ड मार्शल फॉन डेर गोल्ट्झ, सत्तरी ओलांडलेला, फौजा कशा चालवाव्यात यावर पुस्तकं लिहिलेला. तुर्कांनी तटावर धडका मारून माणसं गमावली तेव्हा त्यानं धडका थांबवायला लावल्या. भुकेला तिचं काम करू द्या, एवढाच त्याचा हिशेब. टाउनशेंडनं आधी वर कळवलं की धान्य थोडेच दिवस पुरेल. त्यावर सुटकेची फौज घाईघाईनं, अर्धवट तयारीनं धावली आणि रक्तबंबाळ होऊन मागे फिरली. मग गावात झडती घेतली तेव्हा धान्य बरंच निघालं. गोल्ट्झला हा दिवस दिसला नाही. दहाच दिवसांपूर्वी तो बगदादला टायफसनं गेला. टाउनशेंडची कैद पुढे इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सुखात गेली. या रांगेतल्या माणसांना वाळवंटातून चालवत नेलं, आणि त्यातले कित्येक वाटेतच पडले.

इथं थांबायचं नाही. फक्त 103 हा आकडा लक्षात राहू द्या. 1768 साली मुंबई बेटाच्या रक्षणासाठी उभी राहिलेली ही पलटण, लोक तिला जंगी पलटण म्हणतात. 1922 साली तिचं नाव बदललं: पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन.

पुन्हा घसरण. या वेळी हाताला ओलं गवत लागतं.

उत्तर इटली, सान पोलितोच्या जरा उत्तरेला. साल 1945, तारीख तीच, नऊ एप्रिल. तुम्ही एका बांधाच्या पायथ्याशी पालथे पडला आहात. तुमच्या डावी-उजवीकडे जंगी पलटणीचे जवान आहेत. तुम्हाला कोणी पाहू शकत नाही, या प्रवासाचा तेवढाच फायदा. समोरचा बांध तीस-पस्तीस फूट उंच, म्हणजे जुन्या वाशीतल्या तीनमजली चाळीएवढा, आणि जवळजवळ उभा. पलीकडे सेनिओ नदी. नदी म्हणावं की ओढा? रुंदी पंधरा फूट, पाणी छातीपर्यंत. तिच्या पलीकडे तेवढाच उंच दुसरा बांध. पुराला आवरायला शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चढवलेली माती, आपल्या खारबांधांची थोरली बहीणच.

या मातीत जर्मनांनी घुशीसारखी बिळं केली आहेत. आणि गंमत बघा, फक्त पलीकडच्या बांधात नाहीत. ज्या बांधाला तुम्ही चिकटून पडला आहात, त्याच्या पाण्याकडच्या अंगातही आहेत. त्यांच्या वर सुरुंगांचा पट्टा. म्हणजे तुम्ही माथा जिंकलात तरी शत्रू तुमच्या पायाखाली जिवंत. तुम्ही उतरून पाणी ओलांडलंत की तो तुमच्या पाठीत गोळी घालणार.

आठव्या हिंदी डिव्हिजनची योजना कागदावर चोख आहे. दुपारी आठशेहून जास्त बॉम्बफेकी विमानं येऊन गेली. मग तोफा. तोफा थांबायच्या, जर्मन बिळांतून वर यायचे की आता हल्ला येणार, आणि तोफा पुन्हा सुरू. असं वारंवार. आग ओकणारे रणगाडे बांधाशी आणून ठेवलेत. सात वाजून वीस मिनिटांनी विमानं पुन्हा खाली झेपावतील, पण या खेपेला बॉम्ब टाकणार नाहीत. जर्मन डोकी खाली घालतील आणि तेवढ्यात पायदळ उठेल. पहिली कंपनी अलीकडचा बांध घेईल. बरोबर तीन मिनिटांनी दुसरी कंपनी तिच्यामधून पुढे निघून, पाणी ओलांडून पलीकडचा बांध घेईल.

तीन मिनिटं. चार नाहीत, अडीच नाहीत.

या तीन मिनिटांत ब्रिटिश रीत आख्खी मावते. फौज ही गिरणी, आणि भोंगा वरून वाजणार. पहिल्या महायुद्धात सोमला 1 जुलै 1916 या एका दिवसात त्यांची सत्तावन्न हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, तीही अशाच वेळापत्रकाबरहुकूम. पण वेळापत्रकवाल्यांना मूर्ख म्हणण्याआधी जरा दम धरा. 1945 च्या ब्रिटिशांकडे माणसं संपत आली आहेत, तोफगोळे मुबलक आहेत. जिथं लोखंडानं भागेल तिथं रक्त का सांडा, हा त्यांचा सरळ हिशेब. आणि इथं शेजारी न्यूझीलंडवाले, याच डिव्हिजनमध्ये गुरखे, पंजाबी, पठाण, स्कॉटिश, केंटचे गोरे, आणि तुम्ही. शेकडो तोफा एकाच वेळी, आपल्याच माणसांच्या डोक्यावरून. कोणी आपल्या अकलेनं दोन मिनिटं आधी धावला तर आपल्याच गोळ्यांखाली जाईल. या सगळ्यांना सारखं कळणारी एकच भाषा होती, घड्याळाची.

1909 सालच्या ब्रिटिश नियमपुस्तकात लिहिलंय की हाताखालच्याला साध्य सांगा, जे त्याचं तो ठरवू शकतो ते त्याला सांगत बसू नका. पुस्तकात आहे. फौजेत ते फारसं उतरलं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत भिंतीवर काय लावलंय आणि टेबलावर काय चालतं, ते पाहिलेल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

आता घड्याळ पाच मिनिटं मागे घ्या आणि बांधाच्या आतल्या अंगाला, त्या बिळात शिरा. ओल, घाम, तेलाचा वास, कानठळ्या बसल्यानं सगळे मोठ्यानं बोलतायत. मधोमध मशिनगन. जर्मन गट बंदूकवाल्यांचा नसतो, मशिनगनचा असतो. ती मिनिटाला हजारावर गोळ्या ओकते, बाकीचे तिला गोळ्या पुरवतात आणि तिची राखण करतात. गटाचा म्होरक्या उंटरऑफिसर, म्हणजे आपल्याकडचा नाईक-हवालदार म्हणा. त्याला शिकवताना वरच्या दोन पायऱ्यांचं काम शिकवलेलं असतं. लेफ्टनंट पडला तर प्लाटून हा चालवेल, कोणाला न विचारता.

ही रीत पराभवातून आलेली. 1806 साली येनाला नेपोलियननं प्रशियाची कवायती फौज एका दिवसात मोडली. शार्नहोर्स्ट आणि मंडळी कामाला लागली. पुढे थोरल्या मोल्टकेनं ती पक्की केली: हुकूम द्या तो कामगिरीचा, रीतीचा नको. मला काय साधायचंय ते सांगतो, कसं ते तू बघ. आणि जागेवर गेल्यावर माझा हुकूम चुकीचा दिसला तर मोड. एका राजपुत्रानं म्हणे एका मेजरला झापलं होतं की, राजानं तुला मेजर केलं ते हुकूम केव्हा पाळायचा नाही हे तुला कळावं म्हणून. 1888 च्या पायदळाच्या नियमांत आणि 1933 च्या 'ट्रुपनफ्युरुंग' या पुस्तकात हेच पक्कं झालं. आज याला जगभर आउफट्रागस्टाक्टिक म्हणतात आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत त्याच्या आरत्या ओवाळतात.

आरती ओवाळणाऱ्यांनी थोडं पश्चिमेकडे जाऊन यावं. याच इटलीत, जून 1944 मध्ये फील्ड मार्शल केसेलरिंगनं गनिमांविरुद्ध हुकूम काढला. त्यातही खालच्यांना मोकळीक होती: बंदोबस्त करताना कोणी अधिकारी मर्यादा ओलांडून गेला, तर मी त्याच्या पाठीशी उभा राहीन. त्या शरदात बोलोन्याजवळ मार्झाबोत्तोच्या परिसरात एसएसच्या फौजेनं साडेसातशेहून जास्त गावकरी मारले, बायकामुलांसकट. मोकळीक कशासाठी वापरायची हे कुठल्याही नियमपुस्तकात नसतं.

आणि आज, या बिळात, ती मोकळीकही उरलेली नाही. मागे पो नदीपलीकडे हटायची योजना महिनोन्‌महिने तयार आहे, तिला नावही आहे, हेर्बस्टनेबेल, शरदातलं धुकं. जनरल फॉन फिटिंगहोफला ती हवी आहे. बर्लिनहून उत्तर ठरलेलं: एक पाऊल मागे नाही. ज्या फौजेनं जवळजवळ दीडशे वर्षं आपल्या हवालदारांना डोकं चालवायला शिकवलं, ती शेवटी एका माणसाच्या डोक्याला जुंपली गेली. हा उंटरऑफिसर बघा. वेढा पडणार हे त्याला नकाशाशिवाय कळतंय. मागच्या शेतातून निसटायची वाटही ठाऊक आहे. बसून आहे.

पुस्तकांतलं चित्र असं, की जर्मन सुटे आणि ब्रिटिश बांधलेले. या संध्याकाळी सेनिओवर दोघांनाही बांधलंय, एकाला घड्याळानं, दुसऱ्याला फ्यूररनं.

वाजले सात वीस. परत या.

विमानं येतात, खाली येतात, काही टाकत नाहीत. रणगाड्यांतून आगीचे फरारे बांधाच्या माथ्यावरून पलीकडे जातात. पहिली कंपनी उठते, चढते. तुम्ही मोजायला लागता. तीन मिनिटं झाली तशी दुसरी कंपनी उठते, वेळेला चोख. तिच्या कंपनी कमांडरच्या मागोमाग एक जवान आहे, त्याच्यावर लक्ष ठेवा. शिपाई नामदेव जाधव, वय तेवीस, नगर जिल्ह्यातल्या निमजचा. हा कंपनीचा रनर. जुन्या भाषेत हरकारा. साहेबाचा निरोप प्लाटूनला पोचवायचा, प्लाटूनचा साहेबाला. फौजेत सगळ्यात कमी ठरवण्याचं काम कोणाचं असेल तर त्याचं. निर्णय दुसऱ्याचा, पाय त्याचे.

तुम्ही त्यांच्यामागून माथा ओलांडता, घसरत खाली येता, पाण्यात शिरता. एप्रिलचं पाणी गार आहे. बंदुका डोक्यावर. पलीकडे पाय टेकतात आणि पाठीमागून, तुम्ही आत्ताच उतरलात त्याच बांधातून, निदान तीन ठिकाणांहून मशिनगन सुरू होतात. सुरुवातीला ध्यानात ठेवायला सांगितलं होतं ते हेच. आतली बाजू.

काही क्षणांत त्या टोळक्यातले बहुतेक जण मेलेले असतात. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी. धड उभा आहे तो एकटा रनर. मागच्या कंपन्या माथ्यापलीकडे अडकल्यात, पुढे येता येत नाही. तीन मिनिटांची योजना संपली. तिच्यात पुढचं पान नाही.

आता त्याला हुकूम कोण देणार?

तो एका जखमीला उचलतो, छातीभर पाण्यातून नेतो, सुरुंगांच्या पट्ट्यातून तो उभा बांध चढवतो, पलीकडे ठेवतो. परत येतो, दुसऱ्याला नेतो. वरून उखळी तोफांचे गोळे पडतायत. इथं थांबला असता तरी शौर्यपदक मिळालं असतं, आणि बरोबर मिळालं असतं. तो तिसऱ्यांदा उघड्या बांधावर येतो. जवळच्या मोर्चावर धावून जातो, टॉमी गननं तो गप्प करतो. हाताला गोळी लागते. एका हातानं ती बंदूक चालेना, तेव्हा फेकून देतो आणि हातबॉम्ब घेतो. दुसरा मोर्चा. बॉम्ब संपतात. सरपटत माथ्यापर्यंत येतो, पलीकडच्या उतारावरच्या सोबत्यांकडून आणखी घेतो.

तुम्ही त्यांच्यातच आहात. एक हात माथ्यावरून खाली येतो, मातीनं आणि रक्तानं माखलेला, उघडा पंजा. कोणीतरी त्यात बॉम्ब ठेवतो, जसा भाऊबंदाच्या हातात नारळ ठेवावा तसा. पंजा मिटतो आणि दिसेनासा होतो.

तिसरा मोर्चा.

अलीकडच्या बांधातली मशिनगन आता एकही वाजत नाही. तो माथ्यावर चढतो. चढून बसत नाही, उभा राहतो, उखळी तोफांच्या माऱ्यात उघडा, आणि मराठा पलटणीची रणगर्जना करत, हात हलवत, अडकलेल्या कंपन्यांना पाण्यापलीकडे चला म्हणून बोलावतो. ज्याचं काम दुसऱ्यांचे हुकूम पोचवायचं, तो स्वतः हुकूम देतोय आणि कंपन्या त्याच्या हाताबरोबर उठतायत. बढतीचा कागद, फीत, काही नाही.

त्याच संध्याकाळी याच नदीवर, फुझिन्यानोजवळ, फ्रंटिअर फोर्स रायफल्सचा शिपाई अली हैदर यानंही असेच जर्मन मोर्चे मोडले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. आणि आदल्या जुलैत, दहा तारखेला, तैबरच्या खोऱ्यात जाधवच्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचा नाईक यशवंत घाडगे. त्याच्या तुकडीतला एकूण एक जण पडला, तो उरला. एकटा मशिनगनवर गेला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं लढला, आणि तिथंच गोळ्या लागून गेला. तो माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. गोव्याला जाताना माणगावच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही किती वेळा शिव्या दिल्या असतील; तिथंच त्याचा पुतळा आहे. वय बावीस.

मला यात एक गोष्ट खटकते, ती बोलून टाकतो. ब्रिटिश फौजेनं या जवानांना क्रॉस दिला तो अपवाद म्हणून. जर्मन पुस्तकाप्रमाणे वरचा पडला की खालच्यानं सूत्रं घ्यायची हा नेम आहे, त्याचं शिक्षण मिळतं. जाधवला ते कोणी दिलेलं नव्हतं. हिंदी जवान शूर असतो, इमानी असतो, असं गोरे साहेब कौतुकानं लिहीत. तो विचार करतो असं फार कमी जणांनी लिहिलंय. बांधाच्या आतल्या अंगाला तीन मोर्चे आहेत, ते तिथं असेपर्यंत कोणी पाणी ओलांडू शकत नाही, म्हणून पलीकडचं सोडा, आधी इथलं साफ करा: हा युद्धनीतीचा निर्णय आहे. तो पाण्यात उभं राहून घेतला गेला.

आपल्याकडे हा गुण नवा नाही, त्याची किंमतही नवी नाही. उमराणीला बहलोलखानाला कोंडून प्रतापराव गुजरांनी आपल्या अखत्यारीत त्याला सोडलं. शिवाजी महाराज रागावले. पुढे 1674 च्या फेब्रुवारीत नेसरीला सहा स्वारांनिशी त्यांनी काय केलं, ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. उलट राजाराम महाराज जिंजीला अडकले असताना संताजी-धनाजींना रोज कोण हुकूम देणार होतं? रागावायला जवळ कोणी नव्हतं, आणि औरंगजेबाची झोप उडाली ती तेव्हाच.

इकडे सेनिओवर अंधार पडतोय. पूल टाकणाऱ्यांच्या गाड्या पुढे येतायत. वीस एप्रिलला फिटिंगहोफ बर्लिनला न विचारता पो नदीकडे माघारीचा हुकूम देईल. म्हणजे शेवटी एक जर्मन सेनापती आपल्या पणजोबांच्या रीतीनं वागेल, पण अकरा दिवस उशिरा; पोच्या काठावर बहुतेक तोफा, रणगाडे मागे टाकून त्याची फौज पोहत पार होईल. दोन मेला इटलीतलं युद्ध संपेल.

तुम्ही मात्र अजून माथ्याखालीच आहात. वर तो उभा आहे, हात हलवतोय, त्याच्या मागे आकाश लाल आहे. कंपन्या तुमच्या दोन्ही बाजूंनी चढतायत, ओले बूट तुमच्या बोटांजवळ पडतायत, चिखल उडतोय, आणि मागून कोणीतरी घाईत म्हणतं,

"बाजूला व्हा की जरा, काका."

तुम्ही बाजूला होता. ट्रॅक पँटमधली दोन पोरं तुमच्या शेजारून धावत जातात. सात तेवीस झालेत. खाली खाडीच्या तोंडाशी भरती लागलीय, आणि तुमच्या तळहाताला कसली तरी ओली माती.